द्यायचं राहिलेलं पाणी

मुलगा गेला तेव्हा मी त्याला पाणी दिलं नाही. भरल्या हॉलमध्ये, सगळ्यांच्या देखत नाही म्हणाले. आमच्या लंडनमधल्या लोकांच्या घशाखाली ते अजून उतरलेलं नाही. लंडन म्हणजे ऑन्टारिओतलं, राणीचं नव्हे. नागपूर सोडून आम्ही इथे आलो त्याला आता पंचवीसेक वर्षं होतील. मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे, माझे मिस्टर एका कंपनीत इंजिनिअर आहेत, आणि मुलगा आम्हाला एकच होता.

आमच्या बौद्ध लोकांत माणूस गेल्यावर काही दिवसांनी जलदान करतात. ताटात एक वाटी ठेवायची, घरच्यांनी मिळून एकच तांब्या धरायचा आणि वाटी भरून वाहायला लागेपर्यंत हळूहळू पाणी ओतायचं. नद्यांचं पाणी जसं शेवटी समुद्राला पोचतं, तसं इथून दिलेलं गेलेल्याला पोचतं, असा त्याचा अर्थ सांगतात. विधी सांगायला एक काका टोरांटोच्या नॉर्थ यॉर्कहून मुद्दाम आले होते. बुद्धवंदना झाली, आणि ते म्हणाले, "ताई, तांब्याला हात लावा."

"समुद्रात बुडून मेला माझा पोट्टा," मी म्हटलं. "पाण्यानंच नेलं त्याले, आणि वरून मी अजून पाणीच देऊ काय?"

मागून कोणीतरी "अगं माय!" म्हणालं. काका फार समजुतीने बोलले, बाया माझ्या पाठीवरून हात फिरवायला लागल्या, आणि जितकं समजावलं तितकी मी पेटले. शेवटी ओरडूनच सांगितलं, की तो कसा गेला हे मला नीट कळल्याशिवाय मी पाण्याला हात लावणार नाही. मग यांनी एकट्यांनी तांब्या धरला. अर्धं पाणी ताटाबाहेर गेलं, आणि कोणाच्या तरी मुलीने पेपर टॉवेलने ते पुसलं.

लोक म्हणाले, डोक्यावर परिणाम झाला हिच्या. म्हणोत. ज्याचं जळतं त्याला कळतं, बाकीच्यांना काय, जेवून घरी जायचं.

पण मला खरोखरच काही कळत नव्हतं. इथून जवळच वॉटर्लूला इंजिनिअरिंग संपलं, तिथेच नोकरी लागली आणि जॉइन व्हायच्या आधी तो मित्रांबरोबर ग्रीसला गेला. एका बेटावरून त्याने सकाळी फोटो पाठवला, निळंशार पाणी, आणि खाली लिहिलं, "आई, द वॉटर इज अनरिअल." तो माझ्याशी इंग्लिशच बोलायचा, मी मराठीत. मी ड्यूटीवर होते, घाईत उत्तर टाकलं, "डोकं नीट पुसून घे." संध्याकाळी फोन आला तो त्याच्या मित्राचा. त्याला बाहेर काढायला दुसरा दिवस उजाडला.

लाटेने ओढून नेलं, मित्र म्हणाले. अपघात, पोलीस म्हणाले. अरे पण असं कसं? माझा मुलगा पोहणारा होता!

आम्ही नागपूरची माणसं. आमचा समुद्र म्हणजे फुटाळा तलाव, आणि तोही काठावर बसून कणीस खाण्यापुरता. आम्हा दोघांनाही पोहता येत नाही. इथे आलो तर दर उन्हाळ्यात कोणी ना कोणी लेकमध्ये बुडाल्याच्या बातम्या, म्हणून हा पाच वर्षांचा झाला तसा यांनी त्याला कम्युनिटी सेंटरच्या पूलमध्ये घातलं. शनिवारी सकाळी क्लास असायचा, बाहेर हाडं गोठवणारी थंडी, आणि हा ओलं डोकं घेऊन पार्किंगमध्ये पळायचा. केस कडक व्हायचे. मी गाडीत बसवून टॉवेलने त्याचं डोकं खसाखसा पुसायचे आणि तो "आई, स्टॉप, यू आर किलिंग मी" म्हणून किंचाळायचा. एकेक लेव्हल पास झाला की बॅज मिळायचा. ते सगळे बॅज मी त्याच टॉवेलवर शिवले. शेवटची लेव्हल झाली त्या दिवशी आम्ही तिघं बाहेर जेवायला गेलो, आणि हे म्हणाले, "चला, पाण्याची भीती मिटली एकदाची."

तेव्हा असा मुलगा बुडतो म्हणजे कोणाची तरी चूक असलीच पाहिजे, हे मी मनाशी धरून बसले. तिथे लाइफगार्ड नसेल, झेंडा लावला नसेल, कोणी सांगितलं नसेल. सांगायला हवं होतं आणि सांगितलं नाही, एवढंच मी रात्रंदिवस घोकत होते. त्या रागावर मी सकाळी उठायचे, ड्यूटीला जायचे, ड्राइव्हवेवरचा स्नो शोव्हल करायचे. राग होता म्हणून हात चालत होते.

दोन वर्षं झाली तेव्हा मीच यांना म्हटलं, मला ती जागा पाहायची आहे. यांनी लॅपटॉप उघडला. त्या बीचवर बस जात नाही आणि डोंगरातल्या रस्त्यावर यांना गाडी चालवायची हिंमत नव्हती. शेवटी एक प्रायव्हेट टूर सापडली. एका दिवसात बेटावरचे बीच आणि जुनं गाव, गाडी आणि गाइड फक्त आपल्यासाठी, बीच आपण निवडायचे. वेबसाइटवर लिहिलं होतं, "तुमचा दिवस, तुमच्या मनासारखा." मी म्हटलं, "वा रे वा! माझ्या मनासारखा दिवस हे देणार."

बॅग भरताना कपड्यांच्या खाली स्टीलची बाटली दिसली. मुलगा शाळेत न्यायचा ती, बुडाला पोचा आलेली. हलवली तर पाणी होतं.

"घरच्या नळाचं आहे," हे म्हणाले.

"मी देणार नाही हं. आधीच सांगून ठेवते."

"नको देऊ. राहू दे बॅगेत."

दुसरं एक यांनी विमानात बजावलं. गाइडला काही सांगायचं नाही. सांगितलं तर तो दिवसभर रडका चेहरा करून बसेल, नाहीतर तिथे नेणारच नाही. मला पटलं. रडके चेहरे मी लंडनमध्ये पोटभर पाहिले होते.

गाइड पन्नाशीचा, गोल पोटाचा, हसरा माणूस निघाला. तोच ड्रायव्हर. हॉटेलच्या दारातच म्हणाला, "कॅनडा! माझा काका टोरांटोला, रेस्टॉरंट आहे त्याचं. ओळखता?" जशी काही टोरांटो म्हणजे एक गल्ली. क्रूझची गर्दी यायच्या आत जुनं गाव उरकू, मग बीच, मग जेवण, मग उरलेले बीच, असा त्याने दिवस मांडला. गाडीत गार हवा लावली, पाण्याच्या छोट्या बाटल्या दिल्या आणि विचारलं, "मुलं किती?"

मी खिडकीबाहेर पाहायला लागले. हे शांतपणे म्हणाले, "एक मुलगा. वॉटर्लूला असतो. इंजिनिअर आहे."

"त्याला नाही आणलं?"

"तो येऊन गेला आधीच."

"आवडलं का त्याला आमचं बेट?"

"हो," हे म्हणाले. "फार आवडलं."

दोन वर्षांत यांच्या तोंडून मुलाबद्दल इतकी वाक्यं मी एका वेळी ऐकली नव्हती. घरात ते बोलायचेच नाहीत. मी बोलायचे, ओरडायचे, भांडी आपटायचे, आणि हे बेसमेंटमध्ये जाऊन बसायचे. मला वाटायचं, दगड आहे हा माणूस.

जुनं गाव चांगलंच असेल. दगडी तटबंदी, गोटे बसवलेल्या अरुंद गल्ल्या, मांजरी, कुंड्या. गाइड कोणत्या राजाने काय बांधलं ते सांगत होता आणि मी समोरून येणाऱ्या पोरांचे चेहरे बघत होते. बॅकपॅक लावलेली, उन्हाने लाल झालेली, आइस्क्रीम खाणारी पोरं. हा या गल्लीतून गेला असेल का? या पायरीवर बसला असेल? पायात चप्पल होती की बूट? असले प्रश्न कोणाला विचारणार? एका दुकानात निळ्या डोळ्यांचे काचेचे मणी टांगले होते. दुकानदारीण म्हणाली, घ्या, नजर लागत नाही, मुलांच्या गाडीला बांधा. "आम्ही असलं मानत नाही," मी म्हटलं, ते जरा जोरातच गेलं असावं. बिचारी मागे सरली.

वेशीच्या दारात गाइडने आम्हाला उभं केलं. "जवळ या, अजून जवळ, लग्नातल्यासारखे! स्माइल!" तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि दोघंही हसलो. त्या फोटोत आम्ही चक्क सुखी दिसतो.

पहिला बीच छत्र्यांचा. गाणी चाललेली, गुडघाभर पाण्यात हाताला फुगे बांधलेली लेकरं, आणि उंच खुर्चीवर शिट्टी घेऊन बसलेला लाइफगार्ड. त्याला पाहिलं आणि माझं डोकंच फिरलं.

"बघा! इथे बसवलाय नं? जिथे लेकरं बुडूच शकत नाहीत तिथे बसवलाय, आणि तिथे कोणी नव्हतं. माणसाच्या जिवाची काही किंमत?"

"हळू बोल," हे म्हणाले.

"काऊन हळू बोलू? मराठी समजून राहिली काय इथं कोणाले?"

दुसरा बीच मी गाडीतूनच पाहिला. तिथून गाइडने आम्हाला त्याच्या मावसभावाच्या हॉटेलात जेवायला नेलं. समुद्राच्या काठावर टेबल, आणि न विचारता त्याने आमच्यासाठी अख्खा भाजलेला मासा सांगितला, आजचाच, याच पाण्यातला म्हणून. मासा डोक्यासकट ताटात आला. मला एकदम भडभडून आलं. एक रात्र माझा मुलगा या पाण्यात होता. मी ताट लांब ढकललं आणि वॉशरूममध्ये जाऊन तोंड धुतलं. परत आले तर हे नुसती पावाची कड कुरतडत बसले होते आणि मावसभावाला वाईट वाटू नये म्हणून मासा फार छान आहे असं सांगत होते.

गाडीत बसल्यावर यांनी त्या बीचचं नाव सांगितलं. गाइडने आरशात आमच्याकडे पाहिलं.

"तो? तो तुमच्यासाठी नाही. दगडी पायऱ्या, उतार, आज वाराही आहे. मी तुम्हाला सूर्यास्ताचा दाखवतो, बेस्ट."

"आम्हाला तोच बघायचाय," हे म्हणाले.

"सर, तिथे काही नाही. पोरं जातात फोटो काढायला. अपघात होतात. आधीच बिअर प्यायलेली असतात, कोणाचं ऐकत नाहीत, घुसतात पाण्यात. मग आमच्या बेटाचं नाव खराब."

"माझा मुलगा पीत नव्हता!" मी म्हटलं.

इंग्लिशमध्ये म्हटलं. मग मी सगळं बोलून टाकलं, की दोन वर्षांमागे, याच महिन्यात, कॅनडाहून आलेला, तो माझा मुलगा, आणि बिअर प्यायला म्हणायची तुझी हिंमत कशी झाली. गाइडने गाडी कडेला घेतली. छातीवर बोटांनी क्रॉस केला आणि दोनदा सॉरी म्हणाला. मघाची बडबड पार गेली. थोड्या वेळाने त्याने गाडी सुरू केली आणि आम्हाला तिकडेच नेलं.

उतरलो तर वारा ओढणी उडवत होता. हे बॅगेतली बाटली काढून हातात घेऊन आले. मी पाहिलं. गाइड वरच थांबला. पायऱ्या संपतात तिथे, जिथून पहिल्यांदा खालचा गोट्यांचा बीच आणि ते अनरिअल पाणी दिसतं, अगदी तिथेच एक बोर्ड होता. लोखंडी, कडांना गंज चढलेला. पोहणाऱ्या माणसावर लाल फुली आणि खाली चार-पाच भाषांत मजकूर. इंग्लिश स्वच्छ वाचता येत होतं. धोका. पाण्याला जोरदार ओढ आहे. पोहू नये.

मी तो परत परत वाचला. वाटेतच आहे, त्याला ओलांडल्याशिवाय खाली जाताच येत नाही. मग एक आशा धरली आणि वर बघून गाइडला ओरडून विचारलं, "हा कधी लावला? नंतर लावला नं?" तो मान हलवत म्हणाला, "मॅडम, खूप वर्षं झाली."

"तेव्हाही होता," हे मागून म्हणाले. "मले माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"मी विचारलं तेव्हा त्याच्या मित्रानं सांगितलं होतं. अंत्यविधी झाला त्या दिवशी, पार्किंगमध्ये." हे बोर्डाकडे बघत बोलत होते, माझ्याकडे नाही. "त्यानं वाचला होता बोर्ड. मोठ्यानं वाचून दाखवला सगळ्यांना. ते पोट्टे म्हणाले, नको जाऊ. तर हसला अन् म्हणाला, आय हॅव डन ऑल द लेव्हल्स, गाईज."

टॉवेलवरचे बॅज माझ्या डोळ्यांपुढे आले. एकेक बॅज मी बारीक टाक्यांनी शिवला होता, धुण्यात निघू नये म्हणून. गरम पाण्याच्या, निळ्या फरशीच्या, चार भिंतींतल्या पूलमध्ये मिळवलेले ते बॅज आम्ही तिघांनी समुद्राला दाखवायचा परवाना समजलो होतो. तिघांपैकी एकालाही समुद्र काय असतो ते माहीत नव्हतं. ज्यांच्यावर दोन वर्षं दात खाल्ले त्या बेटवाल्यांनी तर चार-पाच भाषांत लिहून ठेवलं होतं. आता मी कोणाला धरू? आपलेच दात, आपलेच ओठ.

मग मी यांनाच धरलं. "दोन वर्षं!" मी ओरडले. "दोन वर्षं तुम्ही मला येड्यासारखं बोलू दिलं. त्या काकांपुढे, त्या बायांपुढे, सगळ्या दुनियेसमोर. सांगायला तोंड नव्हतं?"

"सांगून काय केलं असतं तू?" हे म्हणाले. "तुले कोणावर तरी चिडायले पाहिजे होतं. राग होता म्हणून उठून राहिली होती, खाऊन राहिली होती. राग काढून घेतला असता तर तू पण गेली असती. मग मी काय केलं असतं?"

"आणि तुम्ही? तुम्ही कोणावर चिडले?"

यांनी बाटली माझ्या हातात दिली, खाली उतरले, गोट्यांवर बूट काढून नीट शेजारी शेजारी ठेवले आणि पँट न दुमडताच पाण्यात चालायला लागले.

आधी मला वाटलं पाय भिजवताहेत. गुडघ्यांपर्यंत गेले, मांड्यांपर्यंत गेले. "अहो!" मी हाक मारली. वाऱ्यात आवाज पोचेना. कमरेपर्यंत गेले. "अहो, या बाहेर! या म्हणते नं!" मी गोट्यांवरून धावत पाण्यापर्यंत आले आणि तिथेच थिजले. मला पोहता येत नाही, यांनाही नाही. लाट परतताना पायाखालचे गोटे खडखडत खेचून नेत होती, आणि हे दोन्ही हात पसरून उभे होते. मग एक लाट आली आणि हे दिसेनासे झाले.

त्या वेळी मी काय किंचाळले ते मला आठवत नाही. गाइड पायऱ्यांवरून उड्या टाकत आला आणि बुटांसकट पाण्यात घुसला. यांची कॉलर त्याच्या हाती लागली. दोघं पडत, धडपडत, चार पायांवर रांगत बाहेर आले. गाइडला खूप धाप लागली होती, तो त्याच्या भाषेत काहीतरी म्हणत होता, बहुतेक शिव्याच. हे गोट्यांवर बसले. चष्मा गेला होता, कपाळावरून खारं पाणी ओघळत होतं.

"काय करून राहिले होते तुम्ही?" मी यांच्या दंडाला धरून गदागदा हलवलं. "मलाही मारायचंय का? एक नेला तेवढा पुरे नाही?"

"किती ओढते ते पाहून राहिलो होतो," हे म्हणाले. दात वाजत होते. "फार ओढते गं. पायच टिकत नाही. त्याले... त्याचा काही इलाज चालला नसेल."

आणि हा दगड माणूस फुटला. तोंड उघडं टाकून, लहान मुलासारखा हुंदके देत रडायला लागला. दोन वर्षांचं एकदम आलं. गाइड जरा दूर जाऊन पाठ करून उभा राहिला.

मी ओढणी काढली आणि यांचं डोकं पुसायला लागले. खसाखसा, जोरजोरात, कानांमागे, मानेवर. मी पण रडत होते आणि बडबडत होते, डोकं पुसायला नको? सर्दी होईल नं, ऐकायचंच नाही कोणी माझं, एकानेही ऐकायचं नाही. यांनी मान खाली घालून पुसू दिलं. घशात खारं पाणी गेलं होतं, सारखा खोकला येत होता.

मग मी बाटलीचं झाकण उघडलं.

"वाटी नाही आणली," हे म्हणाले.

"ओंजळ करा."

यांनी ओंजळ केली. मी माझा एक हात खालून लावला. आमच्या स्वयंपाकघरातल्या नळाचं ते पाणी मी हळूहळू ओतलं, ओंजळ भरून बोटांतून वाहायला लागेपर्यंत.

"प्या," मी म्हटलं.

"त्याचं आहे ते."

"म्हणूनच प्या."

हे प्यायले. पुन्हा ओंजळ केली, पुन्हा ओतलं, पुन्हा प्यायले. बाटली संपेपर्यंत मी देत राहिले. समुद्राला एक थेंब दिला नाही. त्याला कशाला द्यायचं? त्याच्याकडे काय कमी आहे? माझ्या मुलाचं जे काही या जगात उरलं होतं ते माझ्यासमोर भिजून कुडकुडत बसलं होतं, त्याला तहान लागली होती.

गाइडने गाडीतून टॉवेल आणून दिले. परतताना त्याने फक्त एकदा विचारलं, "सूर्यास्ताचा बीच राहिलाय, की हॉटेल?" बिचाऱ्याच्या टूरमध्ये तो लिहिलेला होता. आम्ही हॉटेल म्हणालो.

लंडनला परतल्यावर एका रविवारी वंदनेला गेलो, तर नॉर्थ यॉर्कचे ते काका आलेले होते. त्यांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "ताई, पाणी दिलं का?" मी म्हटलं, "दिलं." आणखी काही त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. मला वाटलं होतं, आता बरं वाटेल. नाही वाटलं. आधी राग तरी होता. आता सकाळी जाग आल्यावर काहीच नसतं, नुसतं छत असतं, आणि शेजारी हे जागेच असतात. पण आता आम्ही बोलतो. कधी मध्येच हे म्हणतात, "बोर्ड त्यानं वाचला, हे तरी मी मित्राला विचारायले नको होतं." कधी मी म्हणते, "पूलवाल्यांनी एकदा तरी सांगायला हवं होतं, की हा समुद्र नाही." पण पूलवाल्यांनी तरी का सांगावं? ते पोहायलाच शिकवत होते.

टूर कंपनीची ईमेल मात्र दर आठवड्याला यायची. तुमचा दिवस कसा होता? तुमचा अनुभव सांगा. सोबत तो वेशीतला हसरा फोटो. मी डिलीट करत राहिले. गाडीला विंटर टायर लावून आले त्या संध्याकाळी पुन्हा ती ईमेल आली, आणि या वेळी मी ती उघडली. स्टार दिल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं. माझं बोट एकावर होतं. हे मागे उभे होते, म्हणाले, "पाच दे. पाण्यात उतरला होता तो माणूस." पाच दिले.

खालच्या चौकोनात मी लिहिलं, की गाइड चांगला आहे, आणि त्या बीचवर पायऱ्या संपतात तिथला बोर्ड गंजला आहे, अक्षरं अजून वाचता येतात, तरीसुद्धा नवीन रंगवून घ्या. आणि जागा असेल तर सगळ्या भाषांत 'पोहू नये'च्या खाली एवढी एक ओळ वाढवा.

पूलमध्ये शिकलेल्यांनीसुद्धा.